७८४ पौंडांची खंडी

दसरा जवळ आला की सिरसाळ्याच्या शिवारात पऱ्हाटीला पहिली वेचणी लागते. बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातलं हे गाव. इथे वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोवर ठरते, कापूस क्विंटलवर विकला जातो आणि उतारा एकरावर सांगितला जातो. इथवर कुणालाच कागद-पेन्सिल लागत नाही. पुढे तोच कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, रुई दाबून तिच्या गाठी बांधल्या जातात आणि भाव निघतो तो खंडीवर. खंडीचा भाव ज्या बाजाराकडे बघून खालीवर होतो, त्या न्यूयॉर्कच्या वायद्यात रुई पौंडावर बोलली जाते, तीही रुपयात नाही, सेंटात.

एकाच बोंडातून निघालेल्या मालाला गावात किलो आणि क्विंटल, मुंबईत खंडी, न्यूयॉर्कमध्ये पौंड. भारताने मेट्रिक पद्धत स्वीकारून सहा दशकं उलटली, तरी हा रूपांतराचा हिशेब संपलेला नाही. तो फक्त शेतकऱ्याच्या नजरेआड गेला आहे. नजरेआड गेलेला हिशेब दुसराच कुणीतरी करत असतो, म्हणून तो एकदा नीट मांडून पाहायला हवा.

खंडी म्हणजे वीस मण, हे जुन्या पाढ्यांच्या पुस्तकात प्रत्येकाने घोकलेलं. पण मण किती, हे गावागावाला वेगळं होतं. मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा, तर बंगालमध्ये कंपनी सरकारने १८३३ साली पक्का केलेला मण सव्वाब्याऐंशी पौंडांहून थोडा जड. मुंबईच्या मणाने वीस मणांची खंडी ५६० पौंडांची होते. कापसाची खंडी मात्र वीस मणांची नव्हतीच. ती धरली जायची २८ मणांची. २८ मण गुणिले २८ पौंड, म्हणजे ७८४ पौंड. इंग्रजांच्या हंड्रेडवेटमध्ये पौंड ११२, आणि ११२ साते ७८४. मुंबईच्या गोदामातली एक खंडी विलायतेच्या वहीत नेमकी सात हंड्रेडवेट म्हणून उतरत असे, एक पौंडही इकडेतिकडे न होता.

आता पौंड म्हणजे किती? पूर्वी विलायतेचा पौंड आणि अमेरिकेचा पौंड यांत केसभर फरक होता. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सहा देशांनी तो मिटवला आणि एक पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो असं कायमचं ठरवून टाकलं. म्हणजे पौंडाला आता स्वतःचं वेगळं अस्तित्व उरलेलं नाही, तो किलोच्या आधारावरच उभा आहे. ७८४ ला या आकड्याने गुणलं की येतात ३५५.६१६ किलो. बाजारात हाच आकडा ३५५.६२ असा लिहितात आणि बोलताना ३५६ म्हणतात.

बोलताना ३५६ म्हटलं तर काय बिघडलं? १७० किलोच्या १०० गाठी म्हणजे जवळपास ४८ खंडी. प्रत्येक खंडीत ३८० ग्रॅमची तफावत धरली, तर ४८ खंडींत ती सव्वाअठरा किलोंच्या घरात जाते. वर्तमानपत्रात भाव वाचणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, पण गाठींचा सौदा करणाऱ्याला पडतो. त्यामुळे सौद्याच्या कागदावर दोन दशांश स्थळं सोडून चालत नाही.

शेतकऱ्याच्या कामाचा हिशेब याच्या पुढे सुरू होतो. समजा, रुईचा भाव खंडीला ५५,००० रुपये आहे. त्याला ३५५.६२ ने भागलं की किलोला १५४ रुपये ६६ पैसे. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते असं धरलं, तर रुईचे झाले ५,२५८ रुपये. सरकी निघते सुमारे ६४ किलो, आणि उरलेले दोनेक किलो कचरा आणि घट. सरकीला किलोमागे ३५ रुपये धरले तर तिचे २,२४०. दोन्ही मिळून ७,४९८. यातून जिनिंगचा खर्च, वाहतूक, हमाली आणि व्यापाऱ्याचा वाटा वजा होतो. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव ठरवला. वरच्या उदाहरणातल्या भावाला खुल्या बाजारात हमीभाव मिळणं अवघड का होतं आणि हमीभावाने खरेदी करणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, केंद्रासमोर गाड्यांची रांग का लागते, ते या चार ओळींच्या हिशेबातच दिसतं.

याच हिशेबातून एक सोपा आकडा हाती लागतो. खंडीमागे १,००० रुपये वाढले, तर क्विंटलभर कापसाच्या किमतीत सुमारे ९५ रुपयांची भर पडायला हवी. मोबाइलवर ‘रुई खंडीमागे दोन हजारांनी वधारली’ असा निरोप आला आणि गावात येणाऱ्या व्यापाऱ्याने क्विंटलला पन्नासच रुपये वाढवले, तर उरलेले १४० कुठे थांबले हे विचारायला जागा आहे. व्यापाऱ्याचं उत्तर खरंही असेल. सरकी उतरली असेल, माल ओला असेल. पण आकडा ठाऊक असेल तरच विचारता येतं.

न्यूयॉर्कचंही तसंच. तिथे पौंडामागे एक सेंट वाढला, तर खंडीमागे ७८४ सेंट वाढले, म्हणजे ७ डॉलर ८४ सेंट. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ६६६ रुपये, आणि ते क्विंटल कापसावर आणले तर ६३-६४ रुपये. तिथला भाव पौंडाला ६८ सेंट असेल, तर खंडीचे ४५,३०० च्या आसपास होतात. त्यात जहाजाचं भाडं, विमा आणि आयात शुल्क मिळवलं की परदेशी रुई मुंबई बंदरात कितीला पडेल याचा अंदाज येतो. आयात शुल्क उठवल्याची बातमी आली की मराठवाड्यात काळजी का पसरते, तेही यातूनच उलगडतं.

मराठवाड्याला असले हिशेब नवे नाहीत. उलट, मुंबई-पुण्याकडच्या माणसांना दोनदा बदलावं लागलं तिथे इथल्या माणसांना तीनदा बदलावं लागलं. हैदराबाद संस्थानात निजामाचा हाली सिक्का चालायचा, इंग्रज मुलखात कलदार रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार असा बदल्याचा दर. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं आणि पुढच्या काही वर्षांत हाली व्यवहारातून गेला. त्याची सवय होते न होते तोच १ एप्रिल १९५७ ला आणे-पै गेले आणि नवे पैसे आले. एक आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, पण तीन आण्यांचे अठरा नाहीत, एकोणीस! कारण चार आण्यांना पंचवीस भरायचे होते.

तिसरा बदल वजनांचा. डिसेंबर १९५६ मध्ये संसदेने वजन-मापांच्या मानकांचा कायदा केला, १ ऑक्टोबर १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात आला आणि एप्रिल १९६२ नंतर बाजारात शेर-मणाला कायद्याचा आधार राहिला नाही.

नाणं आणि वजन यांचा संबंध तेव्हा आजच्यासारखा तुटलेला नव्हता. कलदार रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन, आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम. ऐंशी तोळ्यांचा शेर, म्हणजे ऐंशी कलदार रुपये पारड्यात टाकले की शेर भरला. तो भरतो ९३३ ग्रॅम. हाली रुपया मात्र ११.१८ ग्रॅमचाच होता. कुणी ऐंशी हाली टाकून शेर मोजला असता, तर माल ८९४ ग्रॅमच मिळाला असता, शेरामागे ३९ ग्रॅम कमी. वजनाचं माप कुणाच्या हातात आहे यावर पोटाला किती मिळणार ते ठरायचं.

शेराच्या जागी किलो आला तेव्हा गिऱ्हाइकाला पहिला धक्का बसला तो भावाचा. किलो शेरापेक्षा सात टक्क्यांनी मोठा. शेराला रुपया भावाचा गूळ किलोला एक रुपया सात नवे पैसे व्हायला हवा, आणि त्याहून वर जे काही घेतलं जाईल ती सरळ भाववाढ. आणे नुकतेच गेलेले, शेर जाऊ घातलेला, अशा वेळी दुकानात उभ्या असलेल्या निरक्षर बाईला हे दोन्ही हिशेब एकदम करायचे होते. दशमान पद्धतीचं कौतुक करताना या बाईची आठवण ठेवायला हवी. सोपी पद्धत आणायची किंमत तिने मोजली होती.

धान्याचा प्रश्न तर आणखी अवघड होता, कारण ते तोललं जातच नव्हतं, मापलं जायचं. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही भांडी होती, वजनं नव्हती. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर भुईमुगाच्या शेंगा यांचं वजन एक येणं शक्यच नाही. त्यात माप शीग लावून घ्यायचं की वरून हात फिरवून सपाट करायचं, हे मोजणाराच्या मर्जीवर. देताना सपाट आणि घेताना शिगोशीग, हा सावकारीचा जुना मार्ग. मेट्रिक पद्धतीने धान्य पायलीतून उचलून काट्यावर ठेवलं, हा तिचा खेड्यातला सगळ्यात मोठा उपकार म्हणावा लागेल. पायलीचं किलोत रूपांतर करणारा एकच गुणक कुठल्याही कोष्टकात सापडणार नाही. धान्य बदललं की तो बदलतो.

नव्या वजनांचं रूपही मुद्दाम निराळं ठेवलं गेलं. किराणा दुकानातलं लोखंडी वजन उचलून पाहावं. ते सहा कोनांचं असतं, अंगावर किलोचा आकडा कोरलेला असतो आणि एका खोबणीत शिसं भरलेलं असतं. त्या शिशावर वैधमापनशास्त्र खात्याचा शिक्का उठवतात. शिसं मऊ, त्यामुळे शिक्का स्पष्ट उठतो. वजन कमी भरलं तर शिसं वाढवता येतं, आणि कुणी ते कोरून काढलं तर शिक्काही जातो. अशा वजनांची फेरतपासणी दर दोन वर्षांनी, तर इलेक्ट्रॉनिक काट्यांची दरवर्षी करून घ्यावी लागते. २००९ चा वैधमापनशास्त्र कायदा भावही प्रमाण एककातच सांगा म्हणतो. तरीही सराफ्यात तोळा आणि कापसात खंडी तोंडातून जात नाही.

तोळ्याची गोष्ट घराघरातली आहे. आज सराफाकडे तोळा म्हटलं की दहा ग्रॅम समजतात. पण आजीच्या काळात केलेले पाच तोळ्यांचे पाटल्या-बिलवर जुन्या तोळ्याचे असतील, तर ते ५८.३२ ग्रॅम भरायला हवेत, पन्नास नव्हे. सव्वाआठ ग्रॅम सोन्याचा हा फरक आहे. वाटणीच्या वेळी घरातल्या जुन्या यादीत नुसतं ‘तोळे ५’ लिहिलेलं असतं आणि भावाभावांत गैरसमज व्हायला तेवढं पुरतं. लंडनचा भाव औंसावर निघतो, आणि सोन्याचा हा औंस किराण्याच्या औंसाहून मोठा, ३१.१०३५ ग्रॅमचा. तो ४८० ग्रेनचा आणि तोळा १८० ग्रेनचा, त्यामुळे जुना तोळा म्हणजे औंसाचे बरोबर तीन अष्टमांश. जगभर फिरणारी दहा तोळ्यांची सोन्याची लगड ११६.६४ ग्रॅमची असते ती त्यामुळेच.

तोंडी हिशेबाच्या युक्त्या सोप्या आहेत. किलोचे पौंड करायचे तर दुप्पट करा आणि त्या दुपटीचा दहावा भाग मिळवा. ५० किलोचे शंभर आणि दहा, म्हणजे ११० पौंड. उत्तर जवळपास बरोबर येतं. पौंडाचे किलो करायचे तर निम्मे करा आणि त्यातून दहावा भाग वजा करा. अमेरिकेतल्या मुलाकडे निघालेल्या आईवडिलांना विमानाची ५० पौंडांची मर्यादा अशी पटकन कळते. पंचवीसातून अडीच गेले, साडेबावीस किलो. खरा आकडा २२.६८. मसाल्याची एखादी पुडी काढायची की ठेवायची, एवढ्यापुरती ही युक्ती भरवशाची. खंडीला मात्र ती लावू नये. ७८४ चे निम्मे ३९२, त्यातून ३९.२ गेले की ३५२.८ उरतात. खऱ्या आकड्याहून २.८ किलो कमी, म्हणजे वरच्या भावाने खंडीमागे सुमारे ४३५ रुपयांची चूक.

दवाखान्यात तर अंदाजाला थाराच नाही. लहान मुलाच्या औषधाची मात्रा किलोवर ठरते. वजन पौंडात सांगितलं आणि कागदावर किलो म्हणून उतरलं, तर मात्रा दुपटीहून जास्त जाते. बाळ ‘सहा पौंडांचं’ झालं असं सांगणाऱ्या आज्या अजून आहेत. ते बाळ २.७२ किलोचं. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं समजतात, ती रेषा साडेपाच पौंडांवर येते.

या चुकीचं सगळ्यात धडधडीत उदाहरण कॅनडातलं आहे. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं नवं कोरं बोइंग ७६७ मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं. देश नुकता मेट्रिककडे वळत होता आणि हे विमान किलोवर चालणारं होतं. इंधनमापक बिघडलेला, म्हणून टाकीत पट्टी बुडवून मोजलं. टाकीत निघालं ७,६८२ लिटर. त्याचं वजन काढायला १.७७ ने गुणलं आणि १३,५९७ आले. ते किलो समजले गेले. पण १.७७ हा पौंडांचा गुणक, किलोचा ०.८०३. टाकीत होतं जेमतेम ६,१६९ किलो. प्रवासाला हवं होतं २२,३००, आणि कमी पडणारं इंधनही याच चुकीच्या गुणकाने काढून भरलं गेलं. विमान ४१,००० फुटांवर असताना इंधन संपलं, दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत तरंगत गिमली इथल्या हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि ६९ माणसं वाचली. हिशेब करणारे अनुभवी होते, गुणाकारही बरोबर होता. एकक तेवढं तपासलं गेलं नाही.

बीड जिल्ह्यात आणखी एक वजन लाखो माणसांच्या घरात शिरलेलं आहे, ते म्हणजे टन. दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या जोडप्यांची मजुरी टनावर ठरते आणि मुकादमाकडून घेतलेली उचलही टनांतच फिटते. इंग्रजांचा टन २,२४० पौंडांचा, म्हणजे १,०१६ किलोंचा होता, अमेरिकेचा २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा आहे. आपला टन सरळ १,००० किलोंचा. जुन्या टनावर मजुरी राहिली असती, तर प्रत्येक टनामागे सोळा किलो ऊस फुकट तोडावा लागला असता. इथे मेट्रिक पद्धत तोडणाऱ्याच्या बाजूने उभी राहिली.

काट्याकडे मात्र डोळ्यात तेल घालून पाहावं लागतं, मग तो उसाचा असो की कापसाचा. मोठ्या वजनकाट्यावर आकडा किलोकिलोने सरकत नाही, पाच, दहा किंवा वीस किलोंच्या टप्प्याने सरकतो. टप्पा दहाचा असेल आणि कापूस क्विंटलला साडेसात हजारांचा असेल, तर आकड्याचं एक पाऊल ७५० रुपयांचं झालं. भरल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं, अशी दोन्ही वजनं त्याच काट्यावर आणि त्याच दिवशी झालेली पाहून घ्यावीत. कापसात वर कट्टीही असते, ओल्या मालाची म्हणून केलेली वजावट. सीसीआयच्या नियमात ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात, त्यापुढे खरेदी नाही. खासगी खरेदीत मीटर न लावता मुठीत बोंड दाबून ओलावा ठरवला जातो तेव्हा तो मोजला गेला असं म्हणता येत नाही.

राहिला रुईचा टक्का. वरच्या हिशेबात ३४ धरला, तो वाणाप्रमाणे आणि रानाप्रमाणे ३३ पासून ३७ पर्यंत असू शकतो. एका टक्क्याचा फरक म्हणजे क्विंटलमागे एक किलो रुई जास्त आणि एक किलो सरकी कमी, म्हणजे वरच्या भावांनी सुमारे १२० रुपये. क्विंटलवर विकणाऱ्याला हा आकडा सहसा कुणी सांगत नाही. पण तो घरी काढता येतो. उन्हात चांगला वाळलेला, काडीकचरा निवडलेला अर्धा किलो कापूस घ्यावा, हाताने सरकी वेगळी करावी आणि उरलेली रुई किराणा दुकानातल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवावी. हाताने काढलेली रुई जिनिंगपेक्षा थोडी जास्त भरते, ते लक्षात ठेवून एखादा टक्का कमी धरावा. १८० ग्रॅम भरली तर टक्का ३६, कमी करून ३५. मग खंडीमागे हजार रुपये वाढले की क्विंटलला ९५ ऐवजी ९८ मागावेत. टक्का ३७ ठरला तर १०४.